दाराला जायला जागा

च्यारी मेस्त आला तेव्हा भरती लागली होती,
फेरीबोटीचा भोंगा चुलीपर्यंत येत होता.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली
आणि पहिलंच विचारलं :
दार उघडल्यावर जाणार कुठं?

म्हटलं, जाईल कुठं? उघडेल.
ते बिजागरीचं, वहिनी. ते हवेत फिरतं,
हवेचं भाडं कुणी मागत नाही.
सरकत्याला भिंत लागते,
त्याच्याएवढी, वर चार बोटं जास्त.

ह्यांच्या खोलीचं दार आत उघडतं.
मागच्या मंगळवारी हे दारामागेच पडले, वॉकरसकट,
आणि मला दार ढकलता येईना.
ढकललं तर त्यांनाच लागणार.
शेजारच्या फिलोमेनाचा ज्योकी कौलं सारून आत उतरेपर्यंत
आम्ही एका फळीच्या दोन बाजूंना बसून बोलत होतो.
वीजबिलाबद्दल. मग खूप वेळ
उकड्या तांदळाबद्दल.

भोक तीन फूट.
दार तीन फूट चार इंच, दोन्हीकडे दोन-दोन इंच अंगावर घेतलेलं.
दांडी सहा फूट आठ.
डावीकडचा बटणांचा बोर्ड हलवा, कॅलेंडरचा खिळा काढा,
घड्याळ काढा.
मूठ चौकटीला आपटू नये, तिथं अडणी मारू.
चिऱ्याची भिंत स्क्रू धरत नाही वहिनी, नुसता भुगा,
आधी फणसाची फळी ठोकू, दांडी तिच्यावर.
तो भोक पाडून बघत होता
आणि मी मागून फडक्यानं लाल पूड टिपत होते.

फट राहणार, तो म्हणाला. अर्धा इंच.
रात्री आवाज येईल.
येऊ दे,
मी इतक्या लगेच म्हटलं
की त्यानं टेपवरून मान वर केली.

मग म्हणाला, बरं आहे, ही भिंत रिकामीच.
मी काही बोलले नाही.
त्याचं त्यालाच दिसलं. वर वाशांना चार कड्या.
माटोळीची जागा.
तीनशे साठ दिवस काहीच नसतं तिथं,
एखादी पाल, दुपारचं ऊन.
पाच दिवस चौरंग, आणि वर नारळ, चिबूड,
सुपारीचे घोस, कांगलां,
डोंगरावरून आणलेलं ज्याचं नाव आता फक्त ह्यांना ठाऊक ते फळ.
त्याच्यावरून दार सरकवायचं?
उजवीकडे बघ की.
उजवीकडे सव्वा फूट, मग खिडकी.

आतून खाटेवरून आवाज आला :
धक्का आधी बघतात रे, बोट मागाहून.
चोडणची फेरी एकतीस वर्षं हाकलेला माणूस,
आता स्वच्छतागृहापर्यंतचे अकरा पाय मोजतो.
आणि दांडी पातळीत लाव,
ते पुढं म्हणाले, नाहीतर
कुणी हात न लावता वाहत जाईल.

शेवटी ठरलं ते असं :
चवथीच्या आदल्या दिवशी च्यारी येईल,
अडणीचे दोन स्क्रू सैल करील,
ज्योकी एका बाजूनं धरील,
दार उतरवून पोटमाळ्यावर.
पाच दिवस ह्यांच्या खोलीला दार नाही.
हे म्हणाले, मग मी झोपू कधी, झांजा वाजत असताना?
म्हटलं, आरतीच्या वेळी झोपतं कोण?
च्यारी हसला. आगाऊ पैसे मोजून घेतले.
दार यायला तीन आठवडे.

तोवर भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं आखलेलं दार आहे,
मुठीच्या जागी एक फुली.
झाडू तिथं टेकवायला गेले आणि
बाजूला ठेवला.

संध्याकाळी घड्याळ उतरवलं.
खाली जुन्या रंगाचा गोल निघाला,
फिकट निळा, कधी दिला होता आठवेना.
आतून हे विचारत होते, किती वाजले?
घड्याळ माझ्या हातात चालत होतं.
मी उलटं करून बघितलं
आणि सांगितलं.